विश्लेषण : प्रल्हाद शिंदे यांचा आवाज एक, मग शिक्के चार का?

धुळे-सोलापूर महामार्गावरचे पाचोड हे पैठण तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. अशा कोणत्याही गावात वर्षभर कान उघडे ठेवले तर एक आवाज तीनदा हमखास ऐकू येतो. आषाढात तो विठ्ठलाला हाक मारतो, भाद्रपदात गणपतीच्या मांडवात असतो आणि १४ एप्रिलला निळ्या झेंड्यांखाली बाबासाहेबांचे गुण गातो. आवाज एकाच माणसाचा, प्रल्हाद शिंदे यांचा. पण कॅसेटच्या दुकानात ही तीन गाणी कधी एका खणात नव्हती. एक भक्तिगीत, दुसरे लोकगीत, तिसरे भीमगीत, शिवाय कव्वालीचा खण निराळाच. चाल, वाद्ये, गळा सारखा असताना हे कप्पे पाडले कोणी? आणि त्याचा गायकाच्या वाट्याला येणाऱ्या मानावर काय परिणाम झाला? त्यांच्या आयुष्याच्या आधाराने हे समजून घेऊ.

प्रल्हाद शिंदे घडले कसे?

प्रल्हाद भगवानराव शिंदे यांचा जन्म १९३३चा. घराण्याचे मूळ सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे. वडील भगवानराव आणि आई सोनाबाई दोघेही गाऊन पोट भरणारे. भजन-कीर्तन, रस्त्यावरचे गाणे आणि त्यावर मिळेल तेवढी कमाई असा संसार होता. तीन भावंडांत धाकट्या प्रल्हादची शाळा तीच. ताल पायात आणि सूर गळ्यात, तोही आई-वडिलांच्या मागे फिरता फिरता आला. माइक नसताना गर्दीच्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचला पाहिजे, नाही तर पदरात काही पडत नाही, ही त्या गाण्याची पहिली अट. त्यांच्या खड्या, खुल्या गळ्याचे आणि स्वच्छ शब्दांचे मूळ या व्यवहारात आहे. पुढे समीक्षकांनी त्याला पहाडी आवाज म्हटले.

मंगळवेढा ही संत चोखामेळ्यांची कर्मभूमी. गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून १३३८मध्ये त्यांचा तिथेच अंत झाला. समाधी पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या दाराबाहेर आहे. प्रल्हाद शिंदे ज्या समाजात जन्मले, त्याला चोखोबांनंतर सहा शतके त्या दाराच्या आत जाता येत नव्हते. साने गुरुजींनी १ ते १० मे १९४७ या काळात उपोषण केले आणि मंदिर सर्वांना खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. तेव्हा प्रल्हाद तेरा-चौदा वर्षांचे होते. वारीच्या वाटेवर पुढे ज्याचा आवाज महाराष्ट्राने सर्वाधिक ऐकला, त्याचे बालपण मंदिरबंदीत गेले होते. ही गोष्ट त्यांच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर कधी छापली गेली नाही.

कव्वालीशी त्यांचा संबंध कसा आला?

मुंबई हे गाणाऱ्यांसाठी कामाचे शहर होते. तिथे प्रसिद्ध कव्वाल इस्माईल आझाद यांच्या पार्टीत प्रल्हाद शिंदे कोरसमध्ये उभे राहिले. आझाद यांची कीर्ती १९५८च्या 'अल हिलाल' चित्रपटातल्या कव्वालीने देशभर पोहोचली. हार्मोनियम, ढोलक, टाळ्या आणि मुख्य गायकाची ओळ उचलणारा कोरस या साच्यात शिंदे यांचा गळा अगदी चपखल बसला. शेवटची ओळ घोळवत वर नेणे, मध्येच शेर टाकून श्रोत्याला थांबवणे आणि मग ध्रुवपदावर आदळणे ही कव्वालीची कारागिरी त्यांनी तिथे उचलली. त्यांच्या विठ्ठलाच्या गाण्यांतही ती दिसते.

त्या काळी मुंबईच्या चाळी, कामगार वस्त्या आणि मराठवाडा-विदर्भातल्या जयंतीच्या मंडपांत कव्वालीचे मुकाबले रंगत. समोरासमोर दोन पार्ट्या, सवाल-जबाब आणि पहाटेपर्यंत बसलेले श्रोते. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, विठ्ठल उमप यांनी हा प्रकार आंबेडकरी विचारांच्या प्रचाराला जुंपला. दर्ग्यातून आलेला बाज, वारकरी घरातला गळा आणि बाबासाहेबांचा विषय असे हे मिश्रण होते. यात हिंदू किती, मुस्लीम किती, बौद्ध किती असा हिशेब मांडवात कोणी केला नाही. तो हिशेब पुढे दुकानात झाला.

गाण्याला शिक्का मारायची गरज कंपन्यांना का पडते?

रेकॉर्ड ही वस्तू बाहेरून सारखीच दिसते. काळी तबकडी आणि मध्ये गोल कागद. कोणती तबकडी कोणत्या दुकानात, कोणत्या सणाला, कोणत्या गिऱ्हाइकासाठी पाठवायची हे ठरवायला कंपनीला यादी लागते आणि यादीला मथळे लागतात. म्हणजे संगीतप्रकाराचे नाव अनेकदा सुरावरून ठरत नाही. गाणारा कोण आणि विकत घेणारा कोण, या कंपनीच्या अंदाजावरून ते ठरते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेत आहे. ओके या कंपनीने १९२० साली मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ब्लूज रेकॉर्ड काढली आणि ती प्रचंड खपली. कृष्णवर्णीय गिऱ्हाईक मोठे आहे, हे कंपन्यांच्या लक्षात आले. लवकरच त्यांच्यासाठी 'रेस रेकॉर्ड्स' नावाची वेगळी यादी निघाली. दक्षिणेतल्या गोऱ्या वादकांच्या रेकॉर्डना 'हिलबिली' म्हटले जाऊ लागले. प्रत्यक्षात त्या भागातले काळे आणि गोरे वादक एकमेकांकडून शिकत होते आणि बरीचशी सारखीच गाणी वाजवत होते. कागदावर मात्र त्यांची फाळणी झाली. 'बिलबोर्ड' या व्यवसायाच्या साप्ताहिकाने १९४९मध्ये 'रेस' हा शब्द काढून 'रिदम अँड ब्लूज' हे नाव आणले. नाव सभ्य झाले, पण भिंत तिथेच राहिली. चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय कंट्री गायकाच्या पहिल्या रेकॉर्डी १९६६च्या सुमारास रेडिओ केंद्रांकडे छायाचित्राशिवाय पाठवल्या गेल्या, त्या याच भिंतीमुळे. चेहरा दिसला तर गाणे वाजणार नाही, ही भीती होती.

आपल्याकडे वर्णाच्या जागी जात आणि धर्म ठेवला की हे चित्र ओळखीचे वाटू लागते. मात्र एक फरक आहे. अमेरिकेतल्या कंपन्यांनी वंशाचे नाव उघडपणे यादीवर छापले. मराठीत जात कुठेही लिहिली गेली नाही. ती 'लोकगीत' आणि 'भावगीत' या निरागस वाटणाऱ्या शब्दांच्या आड राहिली.

'लोकगीत' हा शब्द यात चुकीचा का ठरतो?

लोकगीत म्हणजे ज्याचा कवी कोण हे कोणालाच सांगता येत नाही, जे तोंडातोंडी घडते ते. जात्यावरची ओवी हे लोकगीत. प्रल्हाद शिंदे यांची गाजलेली गाणी या व्याख्येत बसत नाहीत. 'तूच सुखकर्ता' हे गणपतीचे गाणे हरेंद्र जाधव यांनी लिहिले आणि मधुकर पाठक यांनी त्याला चाल दिली. कवी ठाऊक, संगीतकार ठाऊक, वादक पगारावर, ध्वनिमुद्रण स्टुडिओत आणि लांबी तबकडीच्या एका बाजूत मावेल एवढी. हे सगळे आधुनिक, व्यावसायिक, शहरी संगीत होते.

आता दुसऱ्या बाजूला भावगीत पाहा. १९३०च्या दशकात जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. जोशी हे वकिलीचे शिक्षण घेतलेले गायक आणि पुढे हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीतले अधिकारी. भावगीतालाही कवी, संगीतकार, स्टुडिओ आणि तबकडी होती. तरी एकाला 'कलावंताचे गाणे' मानले गेले आणि दुसऱ्याला 'लोकांचे'. भावगीताच्या कवीचे नाव श्रोत्याला पाठ असते. हरेंद्र जाधव यांचे नाव किती जणांना आठवते? लोकगीत म्हटले की कवी आपोआप पुसला जातो. श्रेय मागायला माणूसच उरत नाही.

आकाशवाणीनेही हेच विभाग पक्के केले. शास्त्रीय, सुगम, लोकसंगीत अशी प्रसारणाची वाटणी झाली. कोणत्या गळ्याला कुठे जागा, हे स्वरचाचणीत ठरू लागले. हार्मोनियम ही कव्वाली, जलसा आणि भजन या तिन्हींची जीवनवाहिनी. पण १९४०पासून सुमारे तीन दशके या वाद्याला आकाशवाणीवर बंदी होती. १९७१च्या सुमारास ती शिथिल झाली. बंदीमागची कारणे भारतीय स्वरांच्या शुद्धतेची सांगितली गेली. परिणाम मात्र असा झाला की ज्यांच्या गाण्याचा आधारच पेटी होता, त्यांचे गाणे सरकारी कानाला दुय्यम ठरले.

भीमगीतांचा कप्पा निराळाच का राहिला?

प्रल्हाद शिंदे यांचे कुटुंब आंबेडकरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना न मानण्याची आणि गौरी-गणपतीची पूजा न करण्याची प्रतिज्ञाही आहे. शिंदे यांच्या व्यवसायाचा पेच इथे आहे. बाजाराला त्यांच्याकडून विठ्ठल आणि गणपती हवे होते. समाजाला भीमगीते हवी होती. त्यांनी दोन्ही गायली. यावर त्यांना दोष देणारेही आहेत आणि बाजू घेणारेही. गाणे हाच ज्याचा पिढीजात रोजगार, त्याने कोणते काम नाकारायचे आणि कशाच्या जोरावर, हा प्रश्न त्या वादात सहसा विचारला जात नाही.

भीमगीतांची परंपरा त्यांच्या आधीची. सत्यशोधक जलशांतून प्रेरणा घेऊन १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आदींनी आंबेडकरी जलसे उभे केले. पुढे नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक गावोगाव फिरत हजारो गाणी रचत गेले. पण रेकॉर्ड कंपन्यांच्या दृष्टीने हा हंगामी माल होता. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर एवढेच त्याचे दिवस. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीच्या रस्त्यावरचे स्टॉल हे त्याचे दुकान. भक्तिगीत सर्वांचे आणि भीमगीत 'त्यांचे', असा अलिखित नियम झाला. त्यामुळे गणपतीच्या मांडवात प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आनंदाने लावणारा श्रोता त्याच आवाजातले भीमगीत आयुष्यभर न ऐकता राहू शकला.

नावाचे राजकारण काय असते, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि खेड्यापाड्यांत दलित वस्त्या पेटल्या. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. त्या सोळा वर्षांत मोर्चे, सभा आणि वस्त्यांमध्ये धीर टिकवण्याचे काम भीमगीतांनीही केले. आजही दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी ती घुमतात. शिक्का किती धारदार असू शकतो, याची आठवण २०१५मध्ये शिर्डीने दिली. मोबाइलवर भीमगीताची रिंगटोन वाजल्यावरून भांडण झाले आणि त्यात एका दलित तरुणाचा खून झाल्याचा आरोप तेव्हा झाला. गाणे कोणत्या खणातले, यावर माणसाचा जीव टांगला जाऊ शकतो, हे त्या बातमीने सांगितले.

कॅसेटने काय बदलले?

तबकडीचा काळ मोजक्या कंपन्यांचा होता. हिज मास्टर्स व्हॉइसने काढले तरच गाणे बाजारात यायचे. १९८०च्या दशकात कॅसेट आली आणि हे दार मोडले. ध्वनिमुद्रण स्वस्त झाले, लहान कंपन्या उगवल्या. टी-सीरिज, व्हीनस यांसारख्या कंपन्यांनी पानटपरी आणि किराणा दुकानापर्यंत कॅसेट पोहोचवली. एसटी स्टँडवरची टपरी हे पाचोडसारख्या गावांचे म्युझिक स्टोअर झाले. या लाटेत प्रल्हाद शिंदे यांची जुनी गाणी नव्याने पसरली आणि भीमगीतांनाही प्रथमच मोठा बाजार मिळाला. याच लाटेत त्यांचा मुलगा आनंद शिंदे 'पोपटा'च्या गाण्याने घराघरांत पोहोचला. मिलिंद आणि दिनकर हेही गायक झाले.

पण दार मोडले तरी खण मोडले नाहीत. उलट कॅसेटच्या वेष्टनाने ते रंगीत केले. भक्तिगीताच्या कॅसेटवर विठ्ठल, भीमगीताच्या कॅसेटवर निळा रंग आणि अशोकचक्र, कव्वालीवर हिरवा रंग आणि कमान. गिऱ्हाईक लांबूनच आपला खण ओळखू लागला. गंमत अशी की हिंदी चित्रपटातली एकच गाजलेली चाल त्याच हंगामात गणपतीच्या, विठ्ठलाच्या आणि भीमाच्या शब्दांवर बांधली जायची. म्हणजे आत सूर तोच, बाहेरचे कव्हर तेवढे वेगळे.

मग पैसा कोणाला मिळाला?

गाणे लोकप्रिय झाले म्हणजे गायक श्रीमंत झाला, हा समज या क्षेत्रात खरा नाही. प्रादेशिक संगीतात गाण्याचा मोबदला एकदाच देऊन हक्क कंपनीकडे घेण्याची पद्धत सर्रास होती. १९५७च्या स्वामित्व हक्क कायद्यात गायक-वादकांचा स्वतंत्र हक्कच नव्हता. सादरकर्त्याचा हक्क १९९४च्या दुरुस्तीने आला. कवी आणि संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा काढून घेता येणार नाही, अशी तरतूद तर २०१२च्या दुरुस्तीने झाली. प्रल्हाद शिंदे यांची बहुतेक गाजलेली गाणी या दोन्ही दुरुस्त्यांच्या आधीची. अशा कलावंताचे खरे उत्पन्न कार्यक्रमांच्या सुपारीवर चालायचे. जत्रा, जयंती, उत्सव, लग्न, जिथे बोलावणे येईल तिथे रात्रभर गायचे.

सुपारीचा आकडाही शिक्क्यावर ठरतो. 'लोककलावंत' म्हटले की मानधन वेगळे, 'गायक' म्हटले की वेगळे. पुरस्कार, शासकीय महोत्सव, दूरचित्रवाणीवरच्या मुलाखती, संगीताच्या इतिहासाची पुस्तके यांतही हाच क्रम दिसतो. भावगीतावर मराठीत भरपूर लिहिले गेले. कामगार वस्तीतल्या कव्वाली मुकाबल्यांवर त्या मानाने फारच थोडे आहे.

आज काय चित्र आहे?

प्रल्हाद शिंदे यांचे निधन २३ जून २००४ रोजी झाले. आषाढी एकादशी आठवड्यावर आली होती आणि पालख्या वाटेवर होत्या. त्याच्या महिनाभर आधी, १५ मे रोजी वामनदादा कर्डक गेले होते. एका उन्हाळ्यात या परंपरेचे दोन आधारस्तंभ गेले. त्या वर्षी ज्यांनी वारीत शिंदे यांची गाणी ऐकली, त्यांतल्या कितीजणांना दोन्ही गेल्याचे कळले असेल?

पुढच्या पिढीने खणांच्या भिंती थोड्या सैल केल्या आहेत. नातू आदर्श शिंदे याने २०१३च्या 'दुनियादारी' चित्रपटात देवाला आळवणारे गाणे गायले आणि ते गाजले. पुढे आदर्श आणि उत्कर्ष शिंदे यांनी डॉ. आंबेडकर यांच्या जीवनावरील दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकगीत केले. वर्षातल्या तीन तारखांपुरते मानले जाणारे भीमगीत त्या निमित्ताने सर्व जातींच्या घरांत वाजले आणि लोकांनी ते आवडीने ऐकले.

मात्र खण संपलेले नाहीत. पूर्वी तो दुकानदार लावायचा, आता मोबाइलमधले अॅप लावते. विठ्ठलाचे गाणे ऐकले की पुढे भक्तिगीतेच सुचवली जातात, भीमगीत ऐकले की भीमगीतेच. ज्याने जे ऐकले त्याला तेच पुन्हा, हा यंत्राचा साधा हिशेब आहे. पण तो जुन्या जातीच्या भिंतींवरून चालतो आणि त्यांना नवा गिलावा देतो. यंत्राला प्रल्हाद शिंदे नावाचा एकच माणूस दिसत नाही. त्याला दोन वेगळे श्रोते दिसतात.

उपाय काही अवघड नाही, निदान श्रोत्याच्या हातातला तरी. गाणे लावताना प्रकाराऐवजी गायकाचे नाव शोधावे. त्याच्या खाली कवी आणि संगीतकार कोण, हे पाहावे. आयोजकांनी फलकावर 'लोकगीतांचा कार्यक्रम' लिहिताना कवींची नावे छापावीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात विठ्ठलाचे गाणे घेतले तर मुलांना एवढे तरी सांगावे की हा गळा ज्या घरातला, त्या घराला त्या देवळाचे दार सहाशे वर्षे बंद होते. मग पुढच्या आषाढात महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकमधून तो आवाज आला आणि पुढच्या एप्रिलमध्ये निळ्या मांडवातून पुन्हा आला, तर पाचोडच्या चौकात उभा असलेला मुलगा म्हणेल की हा तर तोच माणूस. कंपन्यांनी सत्तर वर्षांत जे जुळू दिले नाही, ते एवढ्या ओळखीनेही जुळू लागेल.